भिंतीवरचा निळा नाग



फेब्रुवारी अखेरची गोष्ट आहे. आम्ही गुलमंडीतल्या एका जुन्या पेढीवर हिशेबाचे काम करतो. पेढी पहिल्या मजल्यावर. खाली कापडाचे दुकान, आणि समोर पैठण गेटकडून टिळकपथाने येणारी गर्दी. चौदा एप्रिल जवळ आला की पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घेण्यासाठी आपली माणसेही या गर्दीत असतात. आमच्या टेबलाला पश्चिमेची खिडकी आहे. संध्याकाळी पाचनंतर तिच्यातून ऊन आत येते आणि थेट खातेवहीवर पडते.

त्या दिवशी वहीजवळ पाण्याने भरलेला काचेचा ग्लास होता. झाडलोट करणाऱ्या मावशी कप उचलायला आल्या आणि एकदम दोन पावले मागे सरकल्या.

"अगं बाई, भाऊ! इथंबी आला!"

आम्ही पाहिले. वहीच्या पानावर ग्लासाच्या मागे उजेडाची एक रेघ पडली होती. रेघ कसली, दोन वाकड्या रेघा. दोन्ही बाजूंनी येऊन पुढे एका टोकाला मिळालेल्या, बाणाच्या अग्रासारख्या. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, पण कधी लक्ष दिले नव्हते. मावशींच्या हातातला कप मात्र थरथरत होता.

त्यांना खुर्चीवर बसवले, पाणी दिले. (त्याच ग्लासातले देणार होतो, पण त्यांनी नको म्हटले.) मग हळूहळू सगळे बाहेर आले.

मावशींच्या घरात आठ-दहा दिवसांपासून भिंतीवर निळा नाग निघत होता. दिवस मावळायच्या आधी अर्धा-पाऊण तास. फडा काढून डोलायचा. दिवस मावळला की नाहीसा. शेजारणीने एक बाबा आणला. बाबाने भिंतीपुढे बसून डोळे मिटले आणि सांगितले, ही करणी आहे आणि ती सुनेच्या माहेरून आली आहे. सून घरात असेपर्यंत नाग जाणार नाही. तिला माहेरी धाडा, अमावस्येला विधी करू, अकरा हजार लागतील. त्यातले एकवीसशे त्याने लगेच घेतले. मावशींचा मुलगा वाळूजला एका कंपनीत ठेक्यावर आहे. बाकीचे पैसे बचत गटातून उचलायचे ठरले होते. सून चार महिन्यांची गरोदर. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"तुमचा विश्वास बसला का मावशी?" आम्ही विचारले.

"इश्वास न्हाई भाऊ. पण डोळ्यांनी दिसतंय, त्याला काय म्हनू?"

या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आम्ही बी. कॉम. झालेले. शास्त्र दहावीपर्यंतचे, आणि तेही आता पुसट झालेले. पण आमची धाकटी यंदा दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला सहावा धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा आणि सातवा भिंगांचा. दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेतले आणि मावशींच्या वस्तीत गेलो. वस्तीचे नाव लिहीत नाही. घरातल्या माणसांना उद्या त्याच गल्लीत राहायचे आहे.

दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीला पश्चिमेची लहान खिडकी आणि तिला लागूनच बाजूची भिंत. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. भिंतीवर बाबासाहेब आणि भिंतीपुढे बाबा, असा विचार मनात आला, पण बोललो नाही. घाबरलेल्या माणसाला टोमणे मारून काही साधत नाही. आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांना हे अजून उमगलेले नाही.

साडेपाचच्या पुढे ऊन खिडकीतून आत शिरले, आणि तसबिरींच्या खाली तो निघाला. खरे सांगतो, आम्हीही क्षणभर चरकलो. निळसर उजेडाची वळणे, वरती दोन रेघा मिळून झालेला टोकदार फडा, कडेला बारीक तांबूस झाक. आणि तो खरोखर डोलत होता.

आमचा पहिला अंदाज साफ चुकला. आम्हाला वाटले, गल्लीत उभ्या असलेल्या मोटारसायकलचा आरसा असेल, नाहीतर पाण्याच्या पिंपावरून उजेड उडत असेल. आम्ही बाहेर जाऊन एकेका गाडीचा आरसा फिरवत बसलो. आजूबाजूची पोरे हसायला लागली. तेवढ्यात आतून धाकटीचा आवाज आला, "पप्पा, या इकडे. आजी, तुम्ही पण या."

तिने खिडकीजवळ हात धरला होता आणि भिंतीवर नागाचा फडा नाहीसा झाला होता. हात काढला, फडा परत. पुन्हा हात, पुन्हा गेला.

खिडकीच्या गजाला शीतपेयाची एक रिकामी बाटली तारेने टांगलेली होती. रिकामी म्हणजे नीळ घातलेल्या पाण्याने भरलेली. आपल्याकडे घरोघरी दारात अशी निळी किंवा लाल बाटली ठेवतात. कुत्री घाण करीत नाहीत म्हणे. (कुत्र्यांना या बाटलीची भीती वाटते याला काहीच आधार नाही. आम्ही त्या बाटलीलाच टेकून झोपलेली कुत्री पाहिली आहेत.) ओट्यावर ठेवली की पोरे लाथाडतात म्हणून मावशींच्या मुलाने दिवाळीनंतर ती खिडकीला टांगली होती. वारा आला की ती हलायची. बाटली हलली की नाग डोलायचा.

धाकटीने बाटली काढून खाली ठेवली. भिंत कोरी झाली.

सूनबाई दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, बाटली स्वतःच्या हाताने परत अडकवली, नाग आलेला पाहिला, परत काढली. असे तीन-चार वेळा केले. एक शब्द बोलल्या नाहीत.

मावशींना मात्र एक शंका होती आणि ती रास्त होती. "बाटली दिवाळीपासून हाय. नाग आत्ता कसा आला?"

याचे उत्तर सूर्याकडे आहे. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. हिवाळ्यात तो नैऋत्येकडे मावळतो, मग दिवसेंदिवस उत्तरेकडे सरकत २१ मार्चच्या सुमारास बरोबर पश्चिमेला येतो आणि पुढेही सरकत राहतो. मावशींच्या खिडकीसमोर दुमजली घर आहे आणि त्याच्या शेजारी पाण्याची टाकी. दोहोंच्या मध्ये एक फट आहे. हिवाळाभर सूर्य त्या घराच्या मागे मावळत होता. फेब्रुवारीत तो सरकत सरकत फटीत आला आणि मावळतीचे ऊन प्रथमच बाटलीवर पडले. आणखी थोड्या दिवसांनी तो टाकीच्या आड जाणार होता, म्हणजे नाग आपोआप बंद होणार होता. आता अमावस्येचा विधी आठवा. सून माहेरी गेली असती, अकरा हजार गेले असते, विधी झाला असता आणि नाग खरोखरच गेला असता. मग त्या बाबाची कीर्ती किती वाढली असती आणि त्या लेकीला पुन्हा या घरात कोणी घेतले असते का, याचा विचार आम्ही घरी परतताना करीत होतो.

फेब्रुवारी अखेर सूर्य जिथे मावळतो, बरोबर तिथेच तो ऑक्टोबरच्या मध्याला परत येतो. आम्ही मावशींना सांगून ठेवले आहे, बाटली तशीच टांगलेली राहिली तर दसऱ्याच्या सुमारास नाग पुन्हा निघेल. निघालाच तर घाबरायचे नाही, आम्हाला चहाला बोलवायचे.

पण बाटलीतून नाग निघतोच कसा? हे आम्ही धाकटीकडून तीन वेळा समजून घेतले तेव्हा डोक्यात शिरले. वाचकांना एकदाच सांगतो.

प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पाण्यात त्याचा वेग कमी होतो, जवळजवळ सव्वादोन लाखांवर येतो. तिरपा आत शिरला की वेग बदलल्यामुळे त्याची दिशाही बदलते. याला अपवर्तन म्हणतात. गोल बाटलीच्या मधोमध शिरणारा किरण सरळ जातो. जो जितका कडेने शिरेल तो तितका जास्त आत वळतो. सगळे किरण एकाच ठिंबाला मिळाले असते तर ती बाटली उत्तम भिंग ठरली असती. पण तसे होत नाही. कडेचे किरण बाटलीजवळच एकमेकांना ओलांडतात, मधले जरा लांब जाऊन. या ओलांडण्याच्या जागा एकीपुढे एक लागतात आणि त्यांची वाकडी रेघ तयार होते. रेघेवर किरणांची दाटी असते म्हणून ती झळझळते. दोन बाजूंच्या दोन रेघा जिथे मिळतात ते टोक. आमच्या ग्लासातले टोक ग्लासाच्या मागे साधारण अर्ध्या ग्लासाच्या रुंदीवर पडत होते. शीतपेयाच्या बाटलीला खाचा असतात, पोचे असतात. प्रत्येक खाच आपापली रेघ टाकते. त्यातून नागाची वळणे झाली.

आम्हाला यात सगळ्यात भावला तो हिशेब. पाण्याचा ग्लास पारदर्शक, मग त्याची सावली काळी का पडते? तर सावलीच्या जागेवर जो उजेड पडायचा होता तो उचलून त्या रेघेत गोळा झालेला असतो. ग्लासाने नवा उजेड केलेला नाही. रेघेत जेवढा जमा, तेवढा सावलीच्या नावे. थोडी घट धरावी लागते, कारण काच काही उजेड परत फेकते आणि नीळ काही खाते. पण ताळा जमतो. वीस वर्षे आम्ही तेरीज जुळवत आलो, आणि शेजारी ग्लास रोज संध्याकाळी तेच करीत होता.

या रेघांना इंग्रजीत कॉस्टिक म्हणतात. कॉस्टिक सोडा आपल्या माणसांना माहीत आहे. साबणाच्या कारखान्यात, मोरी साफ करताना, हाताची सालडी काढणारा तो. शब्द तोच, अर्थ जाळणारा. भिंगाखाली उजेड गोळा झाला की कागद पेटतो, त्यावरून हे नाव पडले. चिर्नहाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १६८२ साली अशा वक्रांचा अभ्यास मांडला. हायगेन्सने १६९० च्या आपल्या प्रकाशावरील ग्रंथात त्यांचे विवेचन केले.

नाव शोभेचे नाही, हे घरातल्या माणसांनी लक्षात ठेवावे. पाण्याने भरलेली गोल बाटली, काचेचा गोल माशांचा वाडगा, उन्हात खिडकीशी ठेवलेले भिंग यांच्या मागे कापूस, वाळके गवत, कागद असेल तर तो तापून धुमसू शकतो. अमेरिकेत २०१७ साली मोटारीत राहिलेल्या पाण्याच्या बाटलीमुळे सीटला जळाल्याचे डाग पडल्याचे समोर आले होते. आपल्या पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या घरांत तर दुप्पट जपले पाहिजे. आणि बाटलीतून किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. मुलांना हे दरडावून सांगावे. एरवी आम्ही दरडावण्याच्या विरुद्ध आहोत.

पुढच्या रविवारी धाकटीने हट्ट धरला म्हणून सगळे पाणचक्कीला गेलो. सूनबाईंनाही बोलावले होते, त्या आल्या. आमच्या लहानपणी तिथे शाळेची सहल जायची. हौदाच्या काठावर बसून आम्ही मासे बघायचो आणि तळाशी हलणारे उजेडाचे जाळे बघायचो. ते जाळे पाण्यात आहे की फरशीवर, यावर आमची मारामारी झालेली आठवते. आता कळते की तेही कॉस्टिकच. पाण्यावरच्या लाटेचा उंचवटा बहिर्गोल भिंगासारखा उजेड गोळा करतो, खळगा तो पांगवतो. तळाशी गोळा झालेल्या उजेडाच्या रेघा एकमेकींना मिळून जाळे होते. लाट हलली की जाळे हलते. लाट जितकी पसरट, तितका तिचा उजेड खोलवर जाऊन गोळा होतो. म्हणून एकाच हौदात उथळ जागी जाळे बारीक दिसते आणि खोल जागी निराळे.

पाणचक्कीला पाणी दूरच्या झऱ्यावरून मातीच्या नळांतून आणलेले. या शहराला नहरींची सवय लावली मलिक अंबरने. हबशी माणूस, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि १६१० साली त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली. विकल्या गेलेल्या माणसाने आणलेले पाणी शहर किती पिढ्या प्याले, हा विषय वेगळा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

हौदाकडे पाहता पाहता धाकटीने आणखी एक गोष्ट सांगितली. इंद्रधनुष्य हेसुद्धा याच जातीचे. पावसाच्या थेंबात किरण शिरतो, वळतो, मागच्या बाजूवरून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. थेंबाच्या कुठल्याही भागातून शिरला तरी परतणारे किरण बेचाळीस अंशांच्या आसपास दाटी करतात. ती दाटी म्हणजे धनुष्य. तांबडा रंग बेचाळीसवर, जांभळा चाळीसच्या जवळ. म्हणूनच सूर्य डोक्यावर असताना आपल्याला आकाशात धनुष्य दिसत नाही. संध्याकाळी पाऊस सरकून पूर्वेला चिकलठाण्याच्या बाजूला गेला आणि पाठीमागे ऊन पडले तरच दिसते. इराणच्या कमालुद्दीन फारिसीने चौदाव्या शतकाच्या आरंभी हे शोधण्यासाठी काय वापरले असेल? पाण्याने भरलेला काचेचा गोल. मावशींच्या खिडकीतल्या बाटलीचाच भाऊबंद. पुढे फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली एकेका किरणाचा हिशेब करून बेचाळीस अंश काढून दाखवले. रंगांचे कोडे सुटायला मात्र न्यूटन यावा लागला.

आकाशातही असे वक्र आहेत. तिथे पाणी नाही की काच नाही, पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहाचे गुरुत्वाकर्षण उजेडाला वळवते. २०१८ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की हबल दुर्बिणीला एक एकटा तारा दिसला, ज्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला नऊशे कोटी वर्षे लागली. एरवी तो दिसलाच नसता. अशा वक्राच्या जवळ आल्यामुळे तो दोन हजार पटींहून अधिक झळकला. पुण्याच्या आयुका संस्थेतही अशा गुरुत्वीय भिंगांवर संशोधन चालते. हे ऐकून सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरी दिसला तो नाग नव्हता, ताराच होता." पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिले.

घरी करून बघायचे असेल तर सकाळचे किंवा संध्याकाळचे कलते ऊन घ्या. साध्या, कड नसलेल्या काचेच्या ग्लासात पाणी भरून पांढऱ्या कागदावर ठेवा. मागे पडलेल्या रेघेवर पेन्सिल फिरवा. मग पाणी अर्धे करा आणि फरक बघा. ग्लास नसेल तर चकचकीत धातूची बांगडी कागदावर उन्हात ठेवा. तिथे अपवर्तन नाही, परावर्तन आहे, पण आत बदामासारखी रेघ उमटते. आमच्या सौ.नी आपल्या बांगडीने करून पाहिली आणि ती रेघ खातेवहीत गिरवून ठेवली. ते पान आम्हाला पेढीवर न्यायचे नव्हते, म्हणून वही बदलावी लागली.

राहिला बाबा. मावशींच्या मुलाने त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, बाटलीत करणी उतरली आहे, बाटली मी घेऊन जातो, त्याचे वेगळे पडतील. हे ऐकून मात्र मावशींचा संयम सुटला. त्यांनी फोन हातात घेऊन काय सांगितले ते छापण्यासारखे नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. या कायद्यासाठी पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीत कोणावर अशी वेळ आली तर ठाण्यात जाऊन दक्षता अधिकारी कोण, असे नाव घेऊन विचारावे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

तक्रार करायची की नाही, हा निर्णय आम्ही सूनबाईंवर सोडला. आरोप त्यांच्यावर झाला होता. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशींबरोबर पेढीवर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, अर्ज कसा लिहायचा ते सांगा. लिहिते मीच." आम्ही खातेवही बाजूला सारून कोरा कागद दिला. सव्वापाच वाजले होते, ग्लासाची रेघ कागदावर आली होती. त्यांनी ग्लास उचलून पाणी पिऊन टाकले आणि लिहायला घेतले.

एकवीसशे रुपये अजून परत आलेले नाहीत. येत्या सोमवारी आम्ही तिघे पुन्हा ठाण्यात जाणार आहोत.